व्हेंटिलेटरचा डॅशबोर्ड सगळा हिरवा? आधी या चुका टाळा

नागपूरच्या धंतोलीतल्या एका आयसीयूत रोज सकाळी व्हेंटिलेटरची आकडेवारी तपासणं हे माझं काम. सगळ्यात महागात पडते ती उंचीच्या रकान्यातली चूक. एका श्वासाला किती हवा द्यायची ते वजनकाट्यावर ठरत नाही, उंचीवर ठरतं. माणूस सुटला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत. म्हणून उंचीवरून हिशोबाचं वजन काढतात: बाईचं 152.4 सेंटिमीटरला 45.5 किलो, पुरुषाचं 50, पुढे दर सेंटिमीटरला 0.91 किलो. एआरडीएसमध्ये, म्हणजे फुप्फुसं सुजून पाणी भरतं त्या गंभीर आजारात, या वजनाच्या किलोमागे साधारण 6 मिलिलिटर हवा.

एका काकूंची उंची घाईत "170 टाका" म्हणून टाकली गेली. श्वास 370 मिलिलिटरचा, स्क्रीनवर किलोमागे 6, रंग हिरवा. टेप लावला तर उंची निघाली 152. म्हणजे खरा आकडा 8 च्या वर! तीन दिवस कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून मोजल्याशिवाय हा रकाना भरूच देत नाही. पाय सरळ होत नसतील तर कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडावरून तक्त्यात उंची काढता येते.

दुसरी खोड, मागची नोंद जशीच्या तशी पुढे ओढायची. श्वासनलिकेतल्या ट्यूबभोवती हवेचा छोटा फुगा असतो, त्याला कफ म्हणतात; त्याचा दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका हवा. आमच्याकडे रात्रभर 25, 25, 25. विचारलं, तर दाब मोजायचा मीटर कपाटात कुलूपबंद आणि किल्ली सुपरवायझरच्या घरी, मानेवाड्याला. सिस्टरना काय बोलणार, बाप्पा! मीटर बेडजवळ टांगला आणि त्या रकान्यातलं कॉपीचं बटण काढलं. आता 18 पण दिसतो, 34 पण. बरं वाटतं.

घड्याळं जुळवा. व्हेंटिलेटर 17 मिनिटं पुढे असेल, तर 40 टक्के ऑक्सिजनवर काढलेला एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी) 60 टक्क्यांच्या खात्यात जमा होतो आणि पेशंट आहे त्याहून आजारी दिसतो. दर सोमवारी सर्व्हरशी ताडून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

व्हेंटिलेटरवर होणाऱ्या न्यूमोनियाचा दर काढताना बायपॅपचे, म्हणजे ट्यूब न घालता मास्कमधून श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राचे, दिवस व्हेंटिलेटरच्या दिवसांत धरू नका. 80 दिवसांत 2 केसेस म्हणजे हजार दिवसांमागे 25. बायपॅपचे 50 मिसळले की तोच दर 15 वर येतो, आणि मीटिंगमध्ये टाळ्या पडतात. आम्हीही एकदा वाजवल्या होत्या.