गळ्यापासून खाली विणायचा बिनशिवणीचा स्वेटर

आपल्याकडे घरी विणलेला स्वेटर बहुधा चार तुकड्यांचा असतो. पाठ, पुढचा भाग आणि दोन बाह्या सरळ सुयांवर वेगवेगळ्या विणून शेवटी त्या शिवून जोडल्या जातात. ही पद्धत चांगली असली तरी नव्याने शिकणाऱ्याची अडचण अशी की स्वेटर अंगाला बसतो की नाही हे सगळे काम संपल्यावरच कळते, आणि शिवण जाड किंवा वाकडी आली तर चांगले विणकामही ओबडधोबड दिसते. गळ्यापासून सुरुवात करून गोलाकार सुईवर, म्हणजे लवचिक तारेने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर, खालपर्यंत विणत नेलेल्या स्वेटरला शिवण लागत नाही. तो कोणत्याही टप्प्यावर अंगात घालून पाहता येतो आणि लोकर संपत आली तर लांबी तिथेच थांबवता येते. पहिला स्वेटर याच पद्धतीने विणावा असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील मापे साधारण चार वर्षांच्या मुलाच्या स्वेटरची आहेत. तयार स्वेटरचा छातीचा घेर 64 सेंटिमीटर होईल, म्हणजे आत एखादा सदरा घालूनही तो सैलसर बसेल.

लोकर आणि सुया

महाराष्ट्रात निफाड, नाशिक किंवा महाबळेश्वरचा काही भाग सोडला तर कडाक्याची थंडी थोडेच दिवस असते, त्यामुळे लहान मुलाच्या रोजच्या स्वेटरसाठी महागडी शुद्ध लोकर घेण्याचे कारण नाही. साधी ॲक्रिलिक लोकर स्वस्त असते, घरच्या घरी वारंवार धुता येते आणि टोचत नाही. मध्यम जाडीची, साडेचार मिलिमीटरच्या सुईवर छान बसणारी लोकर निवडावी आणि सुमारे 250 ग्रॅम एकदमच घ्यावी. प्रत्येक गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, क्रमांक छापलेला असतो. तो सर्व गुंड्यांवर एकच आहे याची दुकानातच खात्री करावी, कारण एकाच रंगाच्या दोन घाण्यांतला फरक दिव्याखाली जाणवत नाही, पण उन्हात स्वेटरवर पट्टा ओढल्यासारखा दिसतो.

याहून कमी खर्चाचा मार्ग म्हणजे घरातला जुना, आखूड झालेला स्वेटर उसवणे. मात्र उसवण्याआधी आतली शिवण पाहावी. कापड कापून मशीनवर ओव्हरलॉक केलेल्या स्वेटरची लोकर प्रत्येक ओळीच्या टोकाला तुटलेली असते, त्यामुळे तो उसवून हाती नुसते तुकडे येतात. हाताने विणलेला स्वेटर मात्र सलग उसवतो. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लडी करावी, लडी चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात बुडवून हलक्या हाताने निथळावी आणि सावलीत टांगून वाळवावी. शुद्ध लोकरीच्या वळ्या यामुळे बऱ्याच सरळ होतात. ॲक्रिलिकच्या पूर्ण जात नाहीत, तरी विणण्याइतकी लोकर नीट होते.

सुया दोनच पुरतात: साडेचार मिलिमीटरची एक आणि काठाच्या पट्ट्यांसाठी चार मिलिमीटरची एक. दोन्ही गोलाकार आणि 80 सेंटिमीटर लांबीच्या असाव्यात. जुन्या क्रमांकाने मागायचे झाल्यास त्या अनुक्रमे 7 आणि 8 नंबरच्या होतात. या पद्धतीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते, हे लक्षात ठेवावे. गळ्यासाठी आखूड, बाहीसाठी त्याहून आखूड अशा वेगळ्या सुया विकत घेण्याची गरज नाही. घेर लहान असेल तेव्हा टाके दोन भागांत वाटून मधून तारेचा मोठा फास बाहेर ओढून ठेवावा आणि एकेक अर्धा भाग विणत जावे. याच युक्तीने एका लांब सुईवर मनगटाएवढा घेरही विणता येतो. नव्या सुईची प्लॅस्टिकची तार वेटोळी झालेली असेल तर ती गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून हाताने ताणावी. याशिवाय वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे काही तुकडे, टेप आणि मोठ्या नेढ्याची बोथट सुई जवळ ठेवावी.

नमुना

येथे दिलेले सर्व आकडे 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाके आणि 28 ओळी या हिशेबाचे आहेत. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, कोणी घट्ट विणतो तर कोणी सैल, म्हणून 30 टाक्यांचा एक चौकोन आधी विणून तो धुऊन, वाळवून मोजावा. टाके 20 पेक्षा जास्त भरले तर एक आकडा जाड सुई घ्यावी, कमी भरले तर बारीक. हा चौकोन विणण्याचा कंटाळा करू नये. 10 सेंटिमीटरमध्ये दोनच टाक्यांचा फरक पडला तरी संपूर्ण घेरात तो सुमारे 6 सेंटिमीटर होतो, आणि मग स्वेटर धाकट्या भावंडाला द्यावा लागतो.

गळा

बारीक सुईवर 72 टाके घालावेत. ते सैल असले पाहिजेत, कारण याच कडेतून मुलाचे डोके आत जायचे आहे. हात आपोआप घट्ट पडत असेल तर टाके जाड सुईवर घालून पहिली फेरी बारीक सुईने विणावी. आता फेरी जोडण्याआधी सर्व टाक्यांची खालची कड एकाच बाजूला, आतल्या अंगाला आहे हे बोटाने चाचपून पाहावे. एखाद्या ठिकाणी जरी पीळ राहिला तरी तो पुढे कशानेही सुटत नाही आणि सगळे उसवावे लागते. जोडल्यावर एक सुलट, एक उलट असे 7 फेऱ्या विणावे, म्हणजे अडीच सेंटिमीटरची पट्टी होते.

यानंतर जाड सुई घ्यावी आणि एक फेरी पूर्ण सुलट विणता विणता टाक्यांची वाटणी करून घ्यावी: पाठीचे 22, सांध्याचे 2, डाव्या बाहीचे 10, सांध्याचे 2, पुढच्या भागाचे 22, सांध्याचे 2, उजव्या बाहीचे 10 आणि पुन्हा सांध्याचे 2. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याचा छोटा फास खूण म्हणून सुईत अडकवावा. फेरी जिथे सुरू होते, म्हणजे पाठीच्या पहिल्या टाक्यापाशी, त्या खुणेचा रंग वेगळा ठेवावा.

गळ्यापासून काखेपर्यंत तिरप्या उतरणाऱ्या या चार सांध्यांच्या बाहीला रॅगलन बाही म्हणतात. 1815 मध्ये वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गमावलेले ब्रिटिश सेनानी लॉर्ड रॅगलन यांच्यावरून हे नाव पडले. या बाहीला खांद्यावर शिवण नसते आणि मुंढाही वेगळा कापावा लागत नाही, म्हणूनच ती सलग विणकामाला इतकी सोयीची ठरते.

पाठ आणि पुढचा भाग सारखेच विणले तर स्वेटर दोन्ही बाजूंनी घालता येतो आणि लहान मुलांच्या बाबतीत ते सोयीचेही असते, पण गळा पुढून किंचित वर चढतो. ते नको असेल तर टाके वाढवण्यापूर्वी केवळ पाठ आणि दोन्ही बाह्या एवढ्याच भागावर, सुलट बाजूने सुलट आणि उलट बाजूने उलट, अशा चार आखूड ओळी ये-जा करून विणाव्यात. वळताना काम फिरवून धागा पुढे घ्यावा, पहिला टाका न विणता उजव्या सुईवर सरकवावा आणि धागा सुईवरून मागे घट्ट ओढावा. त्या टाक्याचे दोन पाय दिसू लागतात. प्रत्येक खेपेस आधीच्या वळणाच्या दोन टाके अलीकडे वळावे. नंतर पूर्ण फेरी विणताना हे जोडपाय एकच टाका समजून विणले की भोक राहत नाही.

खांद्यापासून काखेपर्यंत

आता एक फेरी टाके वाढवण्याची आणि एक फेरी साधी सुलट, असा क्रम चालू ठेवावा. वाढवण्याच्या फेरीत पाठ, बाही, पुढचा भाग आणि दुसरी बाही या चारही भागांच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक टाका वाढवावा. सांध्याचे दोन टाके मात्र नेहमी दोनच राहतात. टाका वाढवण्यासाठी दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचलून त्याच्या मागच्या पायातून, म्हणजे सुईच्या मागच्या बाजूच्या धाग्यातून, सुलट विणावे. मागच्या पायातून विणल्याने त्याला पीळ बसतो आणि भोक पडत नाही. सांध्यावर जाळीची रेघ हवी असल्यास त्याऐवजी सुईवर नुसता धागा घ्यावा. मुलीच्या स्वेटरला ती फार शोभते.

एका फेरीत 8 टाके वाढतात, म्हणून वाढवण्याच्या 18 फेऱ्या झाल्या की सुईवर 216 टाके होतात: पाठीचे 58, पुढचे 58, बाह्यांचे 46 आणि 46, सांध्यांचे 8. प्रत्येक वाढीच्या फेरीनंतर कागदावर एक रेघ मारावी आणि अधूनमधून दोन्ही बाह्यांचे टाके सारखे आहेत का ते मोजावे. शेवटी न वाढवता 4 फेऱ्या सुलट विणल्यावर गळ्याच्या पट्टीखालची उभी खोली सुमारे 14 सेंटिमीटर भरते. येथे सर्व टाके लांब दोऱ्यावर घेऊन स्वेटर मुलाच्या अंगात घालून पाहावा. काखेत ओढत असेल तर आणखी दोन-चार फेऱ्या विणाव्यात.

अंग आणि बाह्या वेगळ्या करणे

प्रत्येक सांध्याचा एक टाका पाठीकडे किंवा पुढच्या भागाकडे आणि एक बाहीकडे जातो. त्यामुळे पाठ 60, पुढचा भाग 60 आणि प्रत्येक बाही 48 टाक्यांची होते. पाठीचे टाके विणून झाले की डाव्या बाहीचे 48 टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्यात ओवून बाजूला ठेवावेत, काखेसाठी उजव्या सुईवर 4 नवे टाके घालावेत आणि तसेच पुढच्या भागाचे टाके विणावेत. उजव्या बाहीलाही तसेच करावे. सुईवर आता 128 टाके राहतात. येथून पुढे काठाच्या पट्टीपर्यंत उलट टाक्यांचे काम नाही. नुसते सुलट विणत गोल फिरत राहायचे असते, आणि हाताला लय सापडते ती इथेच. काखेपासून 20 सेंटिमीटर झाल्यावर बारीक सुईवर 4 सेंटिमीटर एक सुलट, एक उलट विणावे आणि टाके त्याच नक्षीत सैल बंद करावेत.

बाहीसाठी दोऱ्यावरचे 48 टाके सुईवर घ्यावेत आणि काखेतल्या नव्या टाक्यांच्या कडेतून 4 टाके उचलावेत. काखेच्या दोन्ही कोपऱ्यांत हमखास एक भोक दिसते. तेथे प्रत्येकी एक टाका जादा उचलून पुढच्या फेरीत तो शेजारच्या टाक्याबरोबर विणून टाकावा. एकूण 52 टाक्यांवर काखेच्या मध्यापासून फेरी सुरू करावी आणि दर सातव्या फेरीत दोन टाके घटवावेत: पहिला टाका विणून पुढचे दोन एकत्र सुलट विणावेत, आणि फेरीच्या शेवटी एक टाका उरण्याआधीचे दोन टाके मागच्या पायातून एकत्र विणावेत. असे 8 वेळा केल्यावर 36 टाके उरतात. 5 फेऱ्या साध्या विणून बारीक सुईवर 4 सेंटिमीटर पट्टी करावी आणि टाके बंद करावेत. दुसरी बाही विणताना टेपवर विसंबू नये, फेऱ्याच मोजाव्यात. टेप ताणून धरला जातो, फेऱ्यांची संख्या मात्र बदलत नाही.

नवा गुंडा जोडताना गाठ मारू नये. दोन्ही धाग्यांची 15 सेंटिमीटर टोके सोडावीत आणि शेवटी बोथट सुईने आतल्या बाजूला टाक्यांतून फिरवून लपवावीत. तयार स्वेटर गार पाण्यात धुऊन टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि सपाट जागी, आकार हाताने सारखा करून वाळवावा. दोरीवर टांगल्यास तो लांब होतो. ॲक्रिलिकवर इस्त्री टेकवू नये, कारण धागा वितळून विणकाम कायमचे लुळे पडते.

मोठ्या माणसासाठी

हाच हिशेब कोणत्याही मापाला लावता येतो. गळ्याच्या टाक्यांचा एक तृतीयांश पाठीला, तेवढाच पुढच्या भागाला आणि एक षष्ठांश प्रत्येक बाहीला, सांध्यांचे टाके धरून. छातीच्या एकूण टाक्यांच्या निम्म्यातून गळ्याचा एक तृतीयांश आणि एका काखेचे टाके वजा करून दोनने भागले की वाढवण्याच्या फेऱ्या मिळतात. 100 सेंटिमीटर घेराच्या स्वेटरला 200 टाके लागतात. गळा 96 आणि काख 10 टाक्यांची धरली तर 100 मधून 32 आणि 10 वजा जाऊन 58 उरतात, म्हणजे वाढीच्या 29 फेऱ्या. एवढ्याने बाही मात्र 84 टाक्यांची, अनेकांना ढगळ वाटेल अशी होते. म्हणून शेवटच्या 5 वाढीच्या फेऱ्यांत केवळ पाठ आणि पुढच्या भागाचे टाके वाढवावेत, म्हणजे बाही 74 टाक्यांवर येते.

मुलाच्या स्वेटरची उरलेली लोकर टाकू नये. विणकाम बंद केलेल्या टोकाकडून सहज उसवते, आणि या स्वेटरची ती टोके खालच्या घेरात आणि मनगटात असतात. पुढच्या हिवाळ्यात मूल वाढलेले असेल तेव्हा पट्टी तेवढी उसवावी, टाके सुईवर घ्यावेत, हवी तितकी लांबी विणावी आणि पट्टी पुन्हा घालावी.