मागचा टायर कडेने नको, मधोमध बघा

बाइकने टूरला निघताना टायरवर नजर टाकली तर खाचा भरपूर दिसतात आणि परतेपर्यंत मागचा टायर मधोमध गुळगुळीत! मीही एकदा असाच फसलो. आपण बघतो कडेच्या खाचा, पण सरळ हायवेवर झिजतो तो मधला पट्टा.

१. इंजिन बंद, गाडी मेन स्टँडवर आणि न्यूट्रलमध्ये. चाक हाताने फिरवत टायरच्या बाजूवर ‘टीडब्ल्यूआय’ (TWI, म्हणजे टायरची झीज दाखवणारी खूण) किंवा छोटा त्रिकोण शोधा. त्याच्या रेषेत, मधल्या खाचेच्या तळाशी बारीक उंचवटा असतो. रबर झिजून त्याच्या जवळ आलं असेल तर निघण्याआधीच टायर बदला.

२. तळवा टायरवर आडवा फिरवा. गोलाई जाऊन मधे सपाट आणि दोन्हीकडे कंगोरा लागला, तर वळणात गाडी आधी अडते, मग एकदम कलते. घाटात हे फार जाणवतं.

३. हवा टायर गार असतानाच तपासा. सामान आणि मागे कोणी असेल तर मॅन्युअलमधला त्या वजनाचा आकडा धरा.

मात्र नवा टायर निघायच्या आदल्या संध्याकाळी टाकू नका. पहिले दीडेकशे किलोमीटर तो निसरडा असतो.