सोयाबीनचं दूध: वास घालवायचा तो दळतानाच

घरी केलेल्या सोयाबीनच्या दुधाला कच्च्या शेंगांसारखा उग्र वास येतो, म्हणून बरेच जण एकदा करून पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. मग सल्ले मिळतात: वेलची घाला, व्हॅनिला घाला, खजूर घाला. हे नुसतं झाकणं झालं. एकदा धरलेला वास नंतर कितीही उकळलं तरी पुरता जात नाही. तो धरूच द्यायचा नाही.

१०० ग्रॅम कोरड्या सोयाबीनला १ लिटर पाणी धरा. दाणे रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, दाणे धुवा. चोळून सुटतील तेवढी सालं काढा; एकेक दाणा सोलत बसू नका, त्यानं फारसं काही साधत नाही.

आता मुख्य काम. सोयाबीनमध्ये लायपॉक्सिजनेज नावाचं एन्झाइम असतं. दाणा अख्खा असेतो ते काही करत नाही. दाणा फुटून त्याला पाणी आणि हवा मिळाली, की ते दाण्यातल्या स्निग्धांशावर काम सुरू करतं आणि बघता बघता वास तयार होतो. म्हणजे थंड पाण्यात दळलंत की खेळ तिथेच संपला. ८० अंश सेल्सिअसच्या वर हे एन्झाइम झपाट्यानं निकामी होतं. म्हणून भिजलेले दाणे उकळत्या पाण्यात टाका, पाव चमचा खायचा सोडा घाला, ५ मिनिटं उकळा आणि निथळून लगेच दळा. दळायलाही मोजून ठेवलेलं पाणी उकळतंच घ्या. मिक्सरचं भांडं आधी गरम पाण्यानं विसळून घ्या, नाहीतर थंड भांडं उष्णता खाऊन टाकतं.

इथे भाजण्याचा धोका खरा आहे, तेव्हा घाई नको. भांडं स्टीलचं असू द्या आणि निम्म्याहून कमी भरा. आत वाफ कोंडली की झाकण उडतं. झाकणावर जाड फडकं धरून आधी थांबत थांबत फिरवा, मधे वाफ जाऊ द्या. दोन-तीन वेळा करून दळावं लागलं तरी चालेल. दाणे आधी उकळल्यानं थोडी प्रथिनं चोथ्यात अडकतात आणि दूध किंचित पातळ होतं. मला हा सौदा मंजूर आहे. दाट पण वासाचं दूध कुणीच पीत नाही.

मलमलच्या फडक्यातून गाळा, जरा निवल्यावर पिळा.

मग उकळी. हे दूध खरी उकळी येण्याच्या बरंच आधी फेसाळून वर येतं आणि लोक गॅस बंद करतात. तसं करू नका. कच्च्या सोयाबीनमधले काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात आणि त्यांना पुरेशी उष्णता लागते. मोठं पातेलं घ्या, फेस बसवा, आच मंद करा आणि खरी उकळी आल्यापासून १५ मिनिटं ढवळत उकळा. तळाला फार लवकर लागतं.

चिमूटभर मीठ, निववा, फ्रिजमध्ये ठेवा. ३ दिवसांत संपवा. खाली साका बसला तर हलवून घ्या. आंबट कॉफीत ते फाटतं, म्हणून दूध कोमट करून त्यात कॉफी हळूहळू ओता.

विकतच्या पाकिटांत बहुधा कॅल्शियम आणि बी-१२ वरून घातलेलं असतं. घरच्या दुधात ते नसतं. रोज गाईम्हशीच्या दुधाऐवजी हेच पिणार असाल तर ते दुसरीकडून मिळवा. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी हे कधीही देऊ नका.

चोथा टाकू नका; तो कणकेत मळता येतो, फक्त नीट शिजवूनच खा.