दोन डिस्क घ्या, पण एका डब्यात ठेवू नका

गाणी साठवायला आणि वाजवायला जुना संगणक चालतो, 4 जीबी रॅमचा असला तरी पुरतो. पंखा मात्र नवा घाला. विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला नुसता तानपुरा चालू असतो, तेव्हा जुन्या पंख्याची घरघर नको होते.

डिस्क दोन घ्या. एक आत, दुसरी यूएसबीची, कॅबिनेटच्या बाहेरची. मागच्या वेळी मी दोन्ही आतच बसवल्या, एकीवरचं दुसरीवर आपोआप उतरेल असं लावलं आणि निर्धास्त झालो. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज गेली, आली, परत गेली. पॉवर सप्लाय जळाला, त्याबरोबर दोन्ही डिस्क गेल्या. वडिलांनी सदाशिव पेठेतल्या एका घरगुती बैठकीत टेप केलेला मारवा राग त्यात होता. आलापीत मध्येच रस्त्यावरच्या सायकलची घंटी ऐकू यायची. मूळ कॅसेट मी आधीच भंगारात दिली होती. कॅसेटी टाकू नका. आणि बाहेरची डिस्क म्हणजे बाहेरचीच.

यूपीएस हवाच. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका, वीज जाऊन तो सुरू होईपर्यंतच्या क्षणात संगणक बंद पडू शकतो.

सीड्या फ्लॅक या फाइल-प्रकारात उतरवा. सीडीवरचा आवाज 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिटचा, मिनिटाला साधारण 10 एमबी. फ्लॅकमध्ये काहीही न गमावता तो निम्म्याच्या आसपास येतो, म्हणजे 500 सीड्यांना 1 टीबी भरपूर. जागा वाचवायला एमपी3 करू नका, नाहीतर पुढे सगळ्या सीड्या परत घालत बसाल. ओरखडे असतील तर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा प्रोग्रॅम वापरा, ते अडलेली जागा पुन्हा पुन्हा वाचतं. कॅसेटींसाठी आधी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वायर लाइन-इनला लावा (माइकच्या भोकात नाही, आवाज फाटतो) आणि ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड करा. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, घाई करून उपयोग नाही.

नावं त्याच दिवशी घाला: गायक, राग, ताल, साल. नेटवरून आपोआप येणाऱ्या माहितीत राग बहुतेक वेळा नसतोच. नंतर करू म्हटलेलं राहतं.

दर महिन्याला नवं ते बाहेरच्या डिस्कवर घ्या, दोन-चार फाइली वाजवून बघा, आणि डिस्क काढून ठेवा. लावून ठेवलेली डिस्क ही दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल आपोआपच्या नकलेत दोन्हीकडून पुसली जाते, हेही लक्षात घ्या. माझी बाहेरची डिस्क आता कोथरूडला बहिणीच्या कपाटात असते.

वायरी पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. डॅक (संगणकातल्या आकड्यांचा स्पीकरसाठी आवाज करणारं यंत्र) साधा चालेल. प्लेअरमध्ये 'गॅपलेस' चालू करा, नाहीतर बडा ख्याल संपून द्रुत सुरू होताना मध्येच खंड पडतो. मोबाइलवरून ऐकायला जेलीफिन, म्हणजे संगणकावरची गाणी घरात इतरत्र वाजवू देणारा प्रोग्रॅम. स्पीकर कानाच्या उंचीला.

आणि बाहेरची डिस्क अजून यूएसबीला असेल तर आत्ता काढा.