एकचाकीचा वेग मोजताना वायरीनं दिलेला चकवा

आमच्या लातुरात इलेक्ट्रिक एकचाकी घेऊन निघालं की पोरं ‘सर्कस आली’ म्हणत मागं पळतात. माझं दुखणं वेगळंच: ॲपमधला वेग खरा वाटेना. मोटरच्या आत तीन हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलं की सिग्नल देणारे) आयते असतात, पण त्यांना हात लावला नाही. तो सिग्नल तुटला तर तोल जाणार आणि दात रस्त्यावर.

म्हणून बाहेरून ए३१४४ हॉल सेन्सर लावला. ॲक्सल स्थिर, फिरतं ते मोटरचं कवच; त्यावर चार छोटी चुंबकं चिकटवली, आधी ग्लू गननं. मे महिन्याच्या उन्हात एक कुठं गळालं देव जाणे. मग एपॉक्सी. हा सेन्सर दक्षिण ध्रुवालाच दाद देतो. एक चुंबक उलटं लागल्यानं अख्खी संध्याकाळ गेली.

तरी जागेवर तोल सांभाळत उभा असलो की आर्डुइनो (सेन्सरचे सिग्नल मोजणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) ताशी ९० किमी वेग दाखवी! सेन्सरची वायर मी मोटरला वीज नेणाऱ्या जाड फेज वायरींनाच बांधली होती; त्यांच्यामुळं तिच्यात खोटे सिग्नल उठत होते. ती दूर नेली, शील्डवाली (धातूच्या जाळीत गुंडाळलेली) घेतली, सिग्नलची वायर अधांतरी न सोडता व्होल्टेज वर धरणारा १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर लावला. शिवाय आधीच्या पल्सनंतर (पल्स म्हणजे एक चुंबक समोरून गेल्याचा सिग्नल) २० मिलिसेकंदांच्या आत आलेली पल्स मोजायचीच नाही असं कोडमध्ये लिहिलं. १६ इंची चाकाला ताशी २० किमीला दोन पल्समध्ये साधारण ५६ मिलिसेकंद जातात, त्यामुळं खरी पल्स सुटत नाही.

परीघ मात्र गणितानं धरू नका. खडूची खूण करा, वर उभं राहून एक फेरा मोजा. माझा १.२८ नाही, १.२५ मीटर भरला.