सरपंच पुन्हा उभे राहतायत? आधी दप्तर बघा

मी 27 वर्षं ग्रामसेविका होते. सहा गावं, अकरा सरपंच. त्यांतले सात जण पुन्हा उभे राहिले आणि प्रत्येकाच्या कार्यअहवालाचे आकडे माझ्याच टेबलावरून गेले. "मॅडम, पाच वर्षांत काय काय झालं त्याची एक यादी काढून द्या ना." मी द्यायची. एकदा मी 23 कामं लिहून दिली होती, चकचकीत पत्रक छापून आलं तेव्हा त्यात 61 होती.

वरची 38 कुठून आली, हे ओळखता आलं की अर्धी लढाई जिंकलात.

पत्रक आणि पेन घ्या आणि गावातून पायी एक चक्कर मारा. कामाजवळ फलक असतो, निदान असायला हवा. त्यातली योजनेची ओळ वाचा. 'आमदार स्थानिक विकास निधी', 'जनसुविधा' किंवा नुसतं '2515' (राज्याचं लेखाशीर्ष, बोलताना आम्ही पंचवीस-पंधरा म्हणतो) असं असेल, तर पैसा वरून आलेला. सरपंचांनी त्यासाठी तालुक्याला खेटे घातले असतील, तर त्या खेट्यांचं श्रेय जरूर द्या. पण तो पैसा कशावर खर्चायचा, हे त्यांच्या हातात फारसं नव्हतं. 'पंधरावा वित्त आयोग' (केंद्राचा निधी, पण खर्च ग्रामपंचायतीचा) किंवा 'ग्रामनिधी' (गावाच्या पट्टीचा पैसा) असेल तर ते काम ग्रामपंचायतीचं. फलकच नसेल तर पत्रकातल्या त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह.

हाच न्याय उलटाही लावा. लाइट जाते, रेशनचा माल उशिरा येतो, तलाठी भेटत नाही, याचा राग सरपंचांवर काढू नका. जलजीवन मिशनच्या नळाचंही तसंच. माणशी रोज 55 लिटर पाण्याची ती योजना बहुतेक गावांत जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाने राबवली. तिथे सरपंचांना प्रश्न एकच विचारायचा: योजना ताब्यात घेताना तुम्ही सही केली, त्या दिवशी वरच्या आळीच्या शेवटच्या घरात पाणी चढत होतं का?

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक पत्रकात 'पाणी आणि स्वच्छतेला सर्वोच्च प्राधान्य' हे वाक्य असतंच. ते वाचून मला हसू येतं. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी 2021-22 पासून बंधित आणि अबंधित असा 60-40 होता. बंधित 60 टक्क्यांतला अर्धा पाण्यावर, अर्धा स्वच्छतेवर खर्चणं भागच होतं. म्हणजे ते प्राधान्य सरपंचांचं नव्हे, दिल्लीने घालून दिलेलं. सरपंचांचं मन बघायचं असेल तर हात मोकळा होता तिथे बघा: अबंधित 40 टक्के आणि घरपट्टी-पाणीपट्टीतून आलेला ग्रामनिधी.

माझ्या एका गावात पाच वर्षांचा अबंधित पैसा जवळजवळ सगळा पेव्हर ब्लॉकमध्ये गेला. देवळासमोर ब्लॉक, चावडीसमोर ब्लॉक, सरपंचांच्या भावकीच्या बोळात ब्लॉक. त्याच गावात अंगणवाडीची मुलं पावसाळ्यात समाजमंदिरात बसत. पत्रकात 'बालविकास' असा स्वतंत्र मथळा होता, त्याखाली ढोल-लेझीमचं साहित्य.

ग्रामनिधीतही थोडं बंधन आहे. स्वउत्पन्नाचे 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी. ही तीन शीर्षं प्रत्येक वर्षीची बघा, आणि रकमेइतकीच तारीखही. सगळी बिलं मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली असतील तर वर्षभर कुणाला आठवण नव्हती, ऑडिटची भीती तेवढी होती.

हे बघायचं कुठे? वित्त आयोगाचं घरबसल्या दिसतं. ई-ग्रामस्वराज पोर्टल 24 एप्रिल 2020 ला सुरू झालं. राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि वर्ष निवडलं की मंजूर आराखडा दिसतो आणि झालेली देयकंही. दोन्ही शेजारी ठेवा. आराखड्यात शाळेची मुतारी आणि देयक एलईडी दिव्यांचं, असं काही सापडलं तर तिथे बोट ठेवा. पैसे कुणाला गेले तेही वाचा. पाच वर्षं एकच पुरवठादार, तोच दिवे देतो, तोच डस्टबिन देतो आणि तोच संगणक दुरुस्त करतो, असं असेल तर गावात त्याचं नातं शोधायला वेळ लागत नाही.

इथे एक कबुली. ही देयकं सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सहीने निघतात. दोन गावांत सरपंचांची डीएससी, म्हणजे डिजिटल सहीची किल्ली, माझ्याच ड्रॉवरमध्ये असायची. "तुम्हीच करा मॅडम, मला त्यातलं कळत नाही." मी करायची. चुकलंच माझं. म्हणून तुम्हाला सांगते, उमेदवाराला सरळ विचारा: तुमची डीएससी कुणाकडे असायची? उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघा. सरपंच बाई असतील आणि हे उत्तर शेजारून त्यांचे मिस्टर देत असतील, तर पाच वर्षं कारभार कुणी केला हेही कळेल. पण बाई म्हणजे नामधारीच, असं गृहीत धरू नका. माझ्या अकरांपैकी प्रत्येक प्रमाणक (खर्चाचं व्हाउचर) वाचून मगच सही करणाऱ्या दोघीच होत्या, आणि दोघी बायका. एकीचं शिक्षण सातवी.

ग्रामनिधीसाठी मात्र दप्तर मागावं लागतं. नमुना 1 अर्थसंकल्प, नमुना 5 रोकड वही, नमुना 9 कर मागणी. एवढे तीन पुरे. 33 नमुने आहेत, सगळ्यांच्या नादी लागलात तर निवडणूक होऊन जाईल. तोंडी मागून मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. 'पाच वर्षांची संपूर्ण माहिती द्यावी' असं लिहू नका. तसा अर्ज आला की आम्हीही 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' असं लिहून मोकळे व्हायचो. असं लिहा: 'आर्थिक वर्ष अमुक ते अमुक, सामान्य रोकड वही नमुना 5, प्रत्यक्ष अवलोकन करावयाचे आहे.' अवलोकनाचा पहिला तास फुकट असतो. फोटोकॉपीला पानामागे 2 रुपये, तेव्हा आधी बघा आणि हवी तेवढीच पानं घ्या. उत्तराची मुदत 30 दिवस. म्हणून अर्ज आचारसंहितेची वाट न बघता दोन-तीन महिने आधी टाका.

नमुना 9 मध्ये काय शोधायचं? वसुली, वर्षावार. चार वर्षं चढत गेलेली वसुली पाचव्या वर्षी खाली आली, तर सरपंचांनी शिपायाला 'आता कुणाच्या दारात जाऊ नको' म्हणून सांगितलं असणार. कराची फेरआकारणी चार वर्षांनी करायची असते. ती निवडणुकीच्या तोंडावर आली की नेमकी तेव्हाच राहून जाते. थकबाकीदारांच्या यादीत सदस्यांची नावं आहेत का, तेही बघून घ्या.

प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, वाचायला मजा येते. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. कोरम म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. हजेरीच्या सह्या मोजा. मग पुढचं पान: लोकांनी काय मागितलं, ठराव काय झाला, पुढच्या सभेत त्याचं काय झालं. एका गावात 'स्मशानभूमीला शेड' हा ठराव माझ्याच अक्षरात सलग सहा सभांत आहे. पत्रकात लिहिलं होतं, 'स्मशानभूमीचा प्रश्न मार्गी.'

आणि एक अगदी छोटी गोष्ट, जी कुणीच विचारत नाही. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून आरोग्य विभाग ग्रामपंचायतीला कार्ड देतो: हिरवं, पिवळं किंवा लाल. लाल म्हणजे धोका जास्त. पाच वर्षांत कुठल्या रंगाची कार्डं मिळाली ते विचारा, आणि टीसीएल पावडरीचा (पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरीचा) साठा कुठे ठेवतात तेही बघा. ओल्या खोलीत उघड्या पोत्यात असेल तर क्लोरीन कधीच उडून गेलेलं, विहिरीत नुसता चुना पडतोय. टीसीएल न संपू देणाऱ्या सरपंचाला मी डोळे मिटून मत दिलं असतं.

आरक्षण बदललं की कित्येकदा सरपंच स्वतः उभे राहू शकत नाहीत. मग सून किंवा विश्वासातला कुणी. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतं, तेव्हा हिशेब पॅनलच्या खात्यावर मांडा. बिनविरोधच्या गोडीलाही भुलू नका. कशाच्या बदल्यात बिनविरोध, ते विचारा. जानेवारी 2021 च्या निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथे पदाचा लिलाव झाल्याचं दिसलं आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली.

त्याच जानेवारीत आमच्या चहाच्या टेबलावर दुसरीच चर्चा होती. हिवरे बाजारला 30 वर्षांनी मतदान झालं आणि पोपटराव पवारांच्या पॅनलने सातही जागा घेतल्या. पाटोद्यात, कर भरणाऱ्याला दळण फुकट देणाऱ्या त्या नावाजलेल्या गावात, माजी सरपंच भास्करराव पेरे पाटलांची मुलगी पडली. लोक म्हणाले, एवढं काम करूनही? मला त्यात नवल वाटलं नाही. काम बघून मत देणं हा लोकांचा हक्क, आणि काम बघून बदल करणं हाही.

माझ्या अकरांतला एक सरपंच शेवटच्या ग्रामसभेत रोकड वही घेऊन उभा राहिला होता. पाऊण तास मोठ्याने वाचली. बसवलेले दिवे 140, त्यांतले बंद 40, हेही वाचलं. मी मागून त्याचा शर्ट ओढत होते. अकरा मतांनी पडला. चार्ज द्यायला आला तेव्हा कपाटाच्या चाव्यांबरोबर त्या 40 दिव्यांची खांबवार यादी घेऊन आला, आणि नव्या सरपंचाची पोच घेतल्याशिवाय उठला नाही.