अमेरिकी उपाध्यक्षपदाच्या उमेदवारावरचा पक्षीय वाद कसा पारखावा

अमेरिकेत दर चार वर्षांनी, पक्षांच्या राष्ट्रीय अधिवेशनांच्या तोंडावर, एका नावावरून वाद पेटतो. अध्यक्षपदाचा उमेदवार तोवर पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांतून बहुधा ठरलेला असतो. आपल्या जोडीला ‘रनिंग मेट’, म्हणजे उपाध्यक्षपदाचा उमेदवार, म्हणून कोणाला घ्यायचे, हे मात्र तो उमेदवार मूठभर सल्लागारांच्या मदतीने स्वतः ठरवतो. नाव जाहीर होताच एका पक्षाला ती निवड दूरदृष्टीची वाटू लागते आणि दुसऱ्याला घोडचूक. पुण्यात किंवा ठाण्यात बसून ही चर्चा ऐकणाऱ्याला, आणि न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहून तिथे मतदान करणाऱ्या मराठी माणसालाही, या गदारोळात आपले स्वतःचे मत बनवायचे असते. त्यासाठी कानावर येणाऱ्या प्रत्येक युक्तिवादाला एक प्रश्न विचारावा: हे बोलणे निवडणूक जिंकण्याविषयी आहे की राज्य चालवण्याविषयी? दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत. परंतु पक्षाचे प्रवक्ते एका विषयाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी सर्रास देतात, आणि ऐकणाऱ्याची फसगत बहुतेक वेळा तिथेच होते.

सर्वप्रथम पद समजून घ्यावे, कारण भारतीय उपराष्ट्रपतिपदाशी त्याचे वरवरचे साम्य दिशाभूल करणारे आहे. आपले उपराष्ट्रपती राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात, तसे अमेरिकी उपाध्यक्ष सिनेटचे अध्यक्ष असतात आणि समसमान मते पडली तरच तिथे मत देतात. साम्य जवळजवळ इथेच संपते. आपल्याकडे उपराष्ट्रपतींची निवडणूक संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य स्वतंत्रपणे करतात, आणि राष्ट्रपतिपद रिकामे झाले तर उपराष्ट्रपती केवळ काळजीवाहू म्हणून कारभार पाहतात. सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते. १९६९ मध्ये झाकिर हुसेन यांचे निधन झाले तेव्हा व्ही. व्ही. गिरी यांनी असाच कारभार हाती घेतला होता. अमेरिकेत मतदार अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या जोडीला एकच मत देतो, एकाला स्वीकारून दुसऱ्याला नाकारण्याची सोय त्याला नसते, आणि अध्यक्षाचा मृत्यू झाला तर उपाध्यक्ष उरलेल्या संपूर्ण मुदतीसाठी पूर्ण अधिकारांचा अध्यक्ष होतो. आजवर नऊ उपाध्यक्ष असे मुदतीच्या मध्येच अध्यक्ष झाले आहेत: आठ वेळा मृत्यूमुळे, आणि एकदा, १९७४ मध्ये, रिचर्ड निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. त्या वेळी अध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड तर उपाध्यक्षपदासाठीही निवडणूक लढवून आलेले नव्हते. स्पायरो ॲग्न्यू यांनी १९७३ मध्ये राजीनामा दिल्यानंतर पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार त्यांची त्या पदावर नेमणूक झाली होती.

जिंकण्याचा विचार राज्य चालवण्याच्या विचारावर मात करतो तेव्हा काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण १८६४ चे आहे. यादवी युद्ध सुरू असताना अब्राहम लिंकन यांच्या पक्षाने विद्यमान उपाध्यक्ष हॅनिबल हॅम्लिन यांना बाजूला सारून टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन यांना उमेदवारी दिली. जॉन्सन दक्षिणेचे, मूळचे विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे, आणि फुटून निघालेल्या राज्यांच्या सिनेटरांपैकी संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेले एकमेव. देशाच्या ऐक्याचा संदेश देण्यासाठी याहून योग्य नाव सापडणे कठीण होते, आणि निवडणूक जिंकलीही गेली. परंतु शपथविधीनंतर जेमतेम सहा आठवड्यांत लिंकन यांची हत्या झाली आणि गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्या लाखो माणसांचे भवितव्य अशा माणसाच्या हाती गेले, ज्याने १८६६ च्या नागरी हक्क विधेयकावर नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तो नकाराधिकार मोडून काढला, १८६८ मध्ये जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला, आणि ते एका मताने वाचले. युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या त्या पहिल्या वर्षांत जी संधी हुकली तिची किंमत कृष्णवर्णीय अमेरिकनांनी पुढच्या कित्येक पिढ्या मोजली.

१९४४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागोतील अधिवेशनात नेमके उलटे घडले, आणि ते अधिक गुंतागुंतीचे आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांची प्रकृती ढासळली होती, हे पक्षाच्या ज्येष्ठ नेत्यांना दिसत होते. तत्कालीन उपाध्यक्ष हेन्री वॉलेस कामगार संघटनांना आणि उदारमतवाद्यांना प्रिय होते, तर दक्षिणेतील नेत्यांना आणि मोठ्या शहरांतील पक्षयंत्रणांना ते नको होते. मतदानाच्या पहिल्या फेरीत वॉलेस पुढे होते. दुसऱ्या फेरीत मिसूरीचे सिनेटर हॅरी ट्रुमन निवडले गेले. बंद दाराआडच्या त्या हालचालींवर टीका झाली आणि ती रास्त होती. तरीही, ट्रुमन यांना आणणाऱ्यांपैकी अनेकांना कळत होते की आपण बहुधा पुढचा अध्यक्ष निवडत आहोत. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट गेले, तेव्हा ट्रुमन यांना उपाध्यक्ष होऊन अवघे ८२ दिवस झाले होते, आणि अणुबाँबच्या प्रकल्पाची माहिती त्यांना शपथ घेतल्यानंतरच देण्यात आली. १९४८ मध्ये वॉलेस सोव्हिएत संघाविषयीच्या ट्रुमन यांच्या धोरणाला विरोध करत वेगळ्या पक्षाकडून त्यांच्याच विरुद्ध उभे राहिले. म्हणजे शिकागोतील त्या दुसऱ्या फेरीने युद्धोत्तर जगाची दिशा काही अंशी ठरवली. म्हणून उमेदवाराचे वय जितके अधिक, तितका राज्य चालवण्याचा प्रश्न जड मानावा. २०२० मध्ये जो बायडेन आणि २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प हे दोघेही पंचाहत्तरी ओलांडलेले उमेदवार होते, आणि त्यांचे अनुक्रमे जोडीदार कमला हॅरिस आणि जे. डी. व्हान्स यांच्या अनुभवाविषयीची चर्चा त्याच कारणाने अनाठायी नव्हती.

आता जिंकण्याविषयीच्या युक्तिवादांकडे वळू. त्यांतला सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद म्हणजे ‘हा उमेदवार आपले राज्य मिळवून देईल’. त्याचा आधार नेहमी १९६० मध्ये शोधला जातो, जेव्हा जॉन केनेडी यांनी कामगार नेत्यांचा रोष पत्करून टेक्सासच्या लिंडन जॉन्सन यांना घेतले आणि टेक्सास जिंकले. पण त्याच टेक्सासचे लॉइड बेंटसन १९८८ मध्ये डेमोक्रॅटिक जोडीत असताना ते राज्य रिपब्लिकनांकडे गेले. २००४ मध्ये जॉन एडवर्ड्स नॉर्थ कॅरोलायना देऊ शकले नाहीत, आणि २०१२ मध्ये पॉल रायन विस्कॉन्सिन. असा दावा ऐकला की कागद घेऊन बेरीज करावी. २०२४ मध्ये हॅरिस यांनी मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांना निवडले आणि पेनसिल्व्हेनियाचे लोकप्रिय गव्हर्नर जॉश शापिरो यांना वगळले. पराभवानंतर अनेकांनी खापर याच निर्णयावर फोडले. हॅरिस यांना २२६ निर्वाचक मते (प्रत्येक राज्याला ठरवून दिलेली, अध्यक्ष निवडणारी मते) मिळाली होती, पेनसिल्व्हेनियाची मते १९ आहेत, आणि बहुमतासाठी २७० लागतात. शापिरो यांनी आपले राज्य खरोखर मिळवून दिले असते असे धरले, तरी आकडा २४५ वर थांबतो. शापिरो अधिक चांगले उमेदवार ठरले असते, असे कोणाला वाटू शकते; परंतु त्यासाठी वेगळे कारण द्यावे लागेल.

दुसरा युक्तिवाद समतोलाचा असतो: अध्यक्षपदाचा उमेदवार तरुण असेल तर जोडीदार अनुभवी हवा, उत्तरेचा असेल तर दक्षिणेचा हवा. हा नियम नव्हे, हे बिल क्लिंटन यांनी १९९२ मध्ये दाखवले. आर्कान्सासच्या या तरुण गव्हर्नराने शेजारच्या टेनेसीतील, जवळजवळ आपल्याच वयाच्या ॲल गोर यांना घेतले आणि जोडी जिंकली. समतोलाविषयी ऐकताना त्या निवडीने पक्षातील कोणत्या गटाला आश्वस्त केले जात आहे, हे शोधावे. २०१६ मध्ये माइक पेन्स यांच्या निवडीने ट्रम्प यांच्याविषयी साशंक असलेल्या धर्मनिष्ठ ख्रिस्ती मतदारांना हमी मिळाली. २००८ मध्ये रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांचा ओढा डेमोक्रॅटिक पक्षातून बाहेर पडून अपक्ष सिनेटर झालेल्या जो लिबरमन यांच्याकडे होता, पण गर्भपाताच्या हक्काला पाठिंबा देणारा उमेदवार अधिवेशन स्वीकारणार नाही, असे त्यांना बजावले गेले, आणि अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन पुढे आल्या. कार्यकर्त्यांत त्यांनी उत्साह आणला. मुलाखतींनंतर मात्र त्यांच्या तयारीविषयी शंका वाढल्या. मला असे वाटते की दोन पक्षांमधल्या भांडणापेक्षा एकाच पक्षातल्या या कुरबुरी जास्त माहिती देतात. विरोधी पक्ष कोणत्याही नावाला नावे ठेवणारच, पण स्वकीयांपैकी कोण गप्प बसले आणि कोण उघड नाराज झाले, यावरून पुढच्या सरकारात कोणाचे चालेल याचा अंदाज येतो.

ओळखीचा मुद्दा सर्वांत जास्त तापतो, म्हणून तिथे सर्वांत जास्त सावकाश विचार करावा. बायडेन यांनी मार्च २०२० मधील वादविवादात आपण स्त्रीचीच निवड करू असे जाहीर केले, आणि हॅरिस यांच्यावर ‘केवळ ओळखीमुळे निवडलेल्या’ असा शिक्का मारण्याचा प्रयत्न तेव्हापासून सुरू राहिला. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. कोणत्या वर्तुळातून निवड करायची, हे आधी ठरवण्याची पद्धत जुनी आहे. १९६० मध्ये लिंडन जॉन्सन यांचा विचार ते दक्षिणेचे आहेत म्हणूनच झाला होता, आणि त्याला कोणी गुणवत्तेचा अपमान म्हटले नव्हते. त्या वर्तुळातील व्यक्ती पदाला योग्य आहे का, हा दुसरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर तिच्या कामातून शोधावे. हॅरिस यांच्या बाबतीत सॅन फ्रान्सिस्कोच्या जिल्हा सरकारी वकील, कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरल आणि सिनेटर म्हणून केलेले काम तपासायला उपलब्ध होते, आणि त्यावर कडक टीकाही करता येत होती. आपल्या घराघरांतही या ठिकाणी तोल जातो. हॅरिस यांच्या आई चेन्नईच्या, जे. डी. व्हान्स यांच्या पत्नी उषा यांचे आईवडील आंध्रातून आलेले, यावरून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण व्हिसाच्या किंवा व्यापाराच्या धोरणाविषयी त्यातून काहीही निष्पन्न होत नाही.

आरोप आणि वस्तुस्थिती यांची फारकत करणे हे कष्टाचे काम आहे, आणि ते टाळू नये. १९७२ मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी घाईघाईने निवडलेले टॉमस ईगलटन यांना नैराश्यासाठी रुग्णालयात राहून विजेच्या झटक्यांचे उपचार घ्यावे लागले होते, हे नंतर उघड झाले आणि अठरा दिवसांत त्यांना उमेदवारी सोडावी लागली. तेव्हापासून उमेदवारांची छाननी फार काटेकोर झाली. तरीही वाद उरतातच. युद्धावरील तैनाती टाळण्यासाठी वॉल्झ यांनी लष्करी सेवा सोडली, हा २०२४ मध्ये झालेला आरोप घ्या. ते नॅशनल गार्ड या राखीव लष्करी दलात २४ वर्षे होते, मे २००५ मध्ये निवृत्त झाले, तैनातीची शक्यता त्यापूर्वीच सांगितली गेली होती, पण त्यांच्या तुकडीला प्रत्यक्ष आदेश त्यानंतर मिळाला. इतके तारखांवरून ठरते. ते ‘पळाले’ की काँग्रेसची निवडणूक लढवण्यासाठी रीतसर बाहेर पडले, हा अर्थ लावण्याचा भाग आहे. युद्धात शस्त्र वाहिल्याचा त्यांचा एक जुना उल्लेख मात्र चुकीचाच होता, आणि त्यांच्या समर्थकांनी तो मान्य करायला हवा होता. याच शिस्तीने व्हान्स यांची २०२१ मधील अपत्यहीन स्त्रियांविषयीची विधाने पूर्ण संदर्भासह ऐकावीत. माझ्या दृष्टीने संदर्भाने ती सौम्य होत नाहीत, पण हे मत ऐकल्यानंतर बनवलेले असावे.

स्वतःचा पक्षपात ओळखण्यासाठी नावे बदलून पाहावीत. २०१६ मध्ये ट्रम्प यांच्यावर जहाल टीका करणारे व्हान्स २०२४ मध्ये त्यांचे जोडीदार झाले, तेव्हा विरोधकांना तो संधिसाधूपणा वाटला. २०१९ च्या वादविवादात बायडेन यांना, शाळांतील वर्णभेद मोडण्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या भागांतील शाळांत नेण्याच्या प्रश्नावर, खिंडीत पकडणाऱ्या हॅरिस पुढच्या वर्षी त्यांच्या जोडीदार झाल्या, तेव्हा त्याच लोकांना ते मोठ्या मनाचे लक्षण वाटले होते. थोरल्या जॉर्ज बुश यांनी १९८० च्या प्राथमिक लढतीत रोनाल्ड रेगन यांच्या आर्थिक धोरणाला जादूटोणा म्हटले होते, आणि नंतर ते आठ वर्षे त्यांचेच उपाध्यक्ष होते. तिघांना एकच माप लावता येत नसेल, तर फरक कशात आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. टीका व्यक्तीच्या चारित्र्यावर होती की धोरणावर, आणि मत बदलल्याचे कारण त्या व्यक्तीने दिले का, हे असे दोन खरे फरक असू शकतात. आपल्या कसोट्या शक्यतो नाव जाहीर होण्याआधीच लिहून ठेवाव्यात.

शेवटी उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांचा एकमेव वादविवाद येतो, आणि तो पाहताना वक्तृत्वापेक्षा घटनेने त्या पदाला दिलेल्या कामांकडे लक्ष द्यावे. निर्वाचक मतांची मोजणी उपाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली होते. ६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेली मोजणी ट्रम्प यांचा दबाव झुगारून पेन्स यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे पूर्ण केली, आणि २०२२ च्या कायद्याने हे काम केवळ औपचारिक असल्याचे स्पष्ट केले. १ ऑक्टोबर २०२४ च्या वादविवादात वॉल्झ यांनी व्हान्स यांना थेट विचारले की ट्रम्प २०२० ची निवडणूक हरले होते का. व्हान्स यांनी आपले लक्ष भविष्यावर असल्याचे सांगून उत्तर टाळले. असा प्रश्न येईल तेव्हा उत्तर टिपून ठेवावे, दोन्ही उमेदवारांना तो विचारला गेला का ते पाहावे, आणि विचारला गेला नसेल तर त्यांच्या जुन्या मुलाखतींत त्याचे उत्तर शोधावे.